लवंगबाई आणि माझा अंगठा

१० जानेवारी, मंगळवार

शी! शी! शी!

मधुमेहाची खोली म्हणे! तळमजल्यावर जिन्याखाली एक टेबल, एक पलंग, एक वजनकाटा. पलंगाचं रेक्झिन फाटलेलं, आतला स्पंज बाहेर आलेला. भिंतीवर पायाच्या जखमांचं पोस्टर — रंगीत! दुसरीकडे बघावं तर खिडकी नाही. टेबलावर शिकवण्यासाठी ठेवलेलं प्लास्टिकचं पाऊल, आणि त्याच्या बोटांच्या फटींत धूळ. दवाखान्यात धूळ!

आणि ती नर्स. तोंडात सतत काहीतरी. आधी वाटलं सुपारी. जवळ आली तेव्हा वास आला — लवंग. माझ्याशी बोलताना लवंग, माझ्या जखमेवर वाकताना लवंग, या गालातून त्या गालात. हॉटेलातल्या एखाद्या आचाऱ्याने असं केलं असतं तर मी तिथल्या तिथे शेरा मारला असता. इतकी वर्षं नगरपालिकेसाठी लोकांची स्वयंपाकघरं तपासतेय, तेल जुनं आहे की नवं ते मला दारातून कळतं. आणि माझ्याच पायावर ही लवंग चघळत वाकणार!

हात ओले. पाणी निथळतंय आणि तशीच माझी टाच धरते. वर गुणगुणते. बेसूर. एकच ओळ, तीही अर्धी.

तिने पट्टी सोडली. मी छताकडे बघितलं. छताला जळमटं.

'कधीपासून आहे हे, मॅडम?'

'कळलंच नाही. दुखत नाही ना.'

'दुखत नाही हेच वाईट.'

ते मलाही कळतं. नवा बूट चावला, फोड आला, फुटला, आणि मला पत्ता नाही! डावा मोजा ओला दिसतोय हे घरी यांनी पाहिलं, मी नाही. तेव्हापासून त्या अंगठ्याकडे मी बघितलेलं नाही. वास मात्र येतो. माझ्याच अंगाला असा वास!

साखर तीनशे ऐंशी. आता रोज सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन. पेन हातात दिलं, कसं टोचायचं ते दाखवलं आणि वर म्हणाली, 'स्वच्छता पाळा हं, मॅडम.'

मला!!

ड्रेसिंग झाल्याबरोबर 'बसा हं' म्हणून गेली ती गेलीच. चहा ढोसत असणार. परत आली ती पुन्हा ओल्या हातांनी, डबीतली नवी लवंग तोंडात टाकत.

११ जानेवारी, बुधवार

आज पहिल्यांदा स्वतःच्या हाताने टोचलं. टोचण्याचं काही नाही, पण ते पेन! कुठल्या कपाटात पडलेलं, किती जणांनी हाताळलेलं, त्यातल्या किती जणांनी हात धुतले होते देव जाणे. मगभर पाणी खळखळून उकळलं, त्यात पेन उभं करून ठेवलं, मग पुसलं, मग नवी सुई लावली, मग टोचलं. माझ्या हाताखालून अशी-तशी वस्तू जात नाही. रोज दोन्ही वेळेला असंच करणार. स्वच्छता पाळा म्हणे!

हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. 'साहेब, पेनला रोज दोनदा गरम पाण्याची आंघोळ. आम्हाला मात्र बंबात काय उरेल ते!' स्वतःच्याच विनोदावर हसले. घरात मला साहेब म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, विनोद तोच.

१७ जानेवारी, मंगळवार

बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी खिशातून पेन काढलं — खिशातून, किल्ल्या आणि मळका रुमाल यांच्यामधून — आणि शर्ट वर करून सगळ्यांदेखत पोटात खुपसलं. पुसणं नाही, धुणं नाही. पेन परत किल्ल्यांत.

'असं करता तुम्ही?' मी विचारलं.

'गेली दहा वर्षं,' म्हणाले. 'साखर अगदी झक्कास!'

काही लोकांना देव घाणीतच सुखी ठेवतो.

माझी साखर तीनशे बहात्तर. लवंगबाईने (हेच नाव ठेवलंय मी तिचं) आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला ओळखीचं आहे. झुरळ दिसल्यावर हॉटेलमालक 'आत्ताच आलं असेल हो' म्हणतो, तेव्हा मी त्याच्याकडे असंच बघते.

'इन्शुलिन घेता ना?'

'घेते.'

'दोन्ही वेळेला?'

'सांगितलं ना, घेते!'

डोस वाढवला. पट्टी, गुणगुण, ओले हात, आणि मग बाई गायब. ठरल्याप्रमाणे.

२२ जानेवारी, रविवार

आठवड्यातून एकदा घरी पट्टी बदलायला सांगितली आहे. मी बघू शकत नाही म्हणून हे पुढे सरसावले. 'त्यात काय! मी करतो.' बाह्या सरसावल्या, चष्मा लावला. पट्टीचा शेवटचा पदर सुटला आणि यांचा चेहरा पांढराफटक. भिंतीला टेकून बसले ते बसलेच. शेवटी मीच, मान दुसरीकडे वळवून, हातानेच चाचपत गुंडाळलं. कसंबसं.

नंतर हे म्हणाले, 'त्या नर्सबाईंचं कसं काय होत असेल ग?'

म्हटलं, तिचं काय होणार! तिला काही वाटत असतं तर जखमेवर वाकून लवंग चघळली असती का? अशा लोकांचं नाक मेलेलं असतं.

२४ जानेवारी, मंगळवार

तीनशे नव्वद! वाढली!

लवंगबाई खुर्ची ओढून समोर बसली. आवाज एकदम गोड. त्या आवाजाचाच मला जास्त संताप आला.

'मॅडम, मी रागावणार नाही. खरं सांगा. गोड खाता ना?'

'नाही.'

'थोडंसं? चहात? ऑफिसात कुणी बिस्कीट दिलं तर? तुमचं काम असं, चार ठिकाणी जायचं, लोक पुढे काहीतरी ठेवतात…'

'मी ज्या स्वयंपाकघरांत जाते ना,' मी म्हटलं, 'ती बघितलीत तर तुम्ही पाणीसुद्धा पिणार नाही.'

'इतकं इन्शुलिन घेऊन साखर उतरत नाही असं होत नाही हो. एकतर तुम्ही घेत नाही, नाहीतर खाता.'

म्हणजे मी खोटारडी! तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझ्या तळपायाला आता आगही कळत नाही, पण मस्तक पेटलं. सकाळी उठून पाणी उकळायचं, पेन बुडवायचं, पुसायचं, टोचायचं, मोजून-मापून बेचव जेवायचं, आणि त्या बेसूर बाईने मला खोटारडी म्हणायचं!

डोस आणखी वाढवला. निघताना फक्त म्हटलं, 'टेबलावरच्या त्या पावलावरची धूळ पुसा.'

२५ जानेवारी, बुधवार

खोटारडी!

३१ जानेवारी, मंगळवार

आज सर्जन. उंच, घाईतला. माझ्याशी नाही, माझ्या पायाशी बोलला. चिमट्याने काहीतरी उचकटलं. मला कळलं नाही, पण आवाज आला. त्या आवाजाने अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही.

'साखर अशीच राहिली तर जखम भरणार नाही. फेब्रुवारीअखेर बघू. नाहीतर अंगठा काढावा लागेल. उशीर केला तर पावलाचा पुढचा भागही.'

'काढावा' असं म्हणाला, पडद्याचा खिळा काढावा तसं.

लवंगबाई पट्टी धरून उभी होती. चघळत नव्हती. मला वाटलं आता तरी काहीतरी बोलेल. म्हणाली, 'मॅडम, आता तरी खरं सांगा.'

घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन दार लावलं आणि रडले. अंगठ्यासाठी रडले की रागाने, सांगता येत नाही. यांनी दाराबाहेरून विचारलं, 'साहेब?' मी नळ सोडला.

१ फेब्रुवारी, बुधवार

मेट्रनकडे गेले. सरळ सांगितलं, नर्स बदलून द्या. कामावर असताना तोंडात चघळते. रुग्णाच्या अंगावर वाकून गाणी म्हणते. ड्रेसिंग झालं की जागेवर सापडत नाही. आणि वर रुग्णाला खोटं ठरवते!

मेट्रन शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, 'पायाच्या जखमांना दुसरं कुणी तयार होत नाही हो. आजवर चार जणी दिल्या. चौघींनी बदली मागून घेतली.'

म्हणजे दुसरी कुणी नाही म्हणून हीच! आमच्याकडे अशीच स्वयंपाकघरं चालतात. दुसरा आचारी मिळत नाही म्हणून तोच, नखांसकट.

७ फेब्रुवारी, मंगळवार

गेल्याबरोबर म्हणाली, 'तुम्ही माझी तक्रार केलीत म्हणे.'

मी ताठ बसले. 'केली.'

'बरं,' म्हणाली. 'बूट काढा.'

इतकंच. आदळआपट नाही, टोमणा नाही. उलट आज पट्टी जरा जास्तच जपून सोडली. गुणगुणली मात्र नाही. ती खोली इतकी गप्प होती की जखमेवरचं कापड सुटतानाचा आवाज मला ऐकू आला. त्यापेक्षा ते बेसूर बरं होतं असं एक क्षण वाटलं. क्षणभरच.

टेबलावरचं पाऊल पुसलेलं होतं.

साखर तीनशे पंच्याऐंशी. डोस वाढवताना तिचा हात थांबला. 'इतका डोस मी आजवर कुणालाच दिलेला नाही,' म्हणाली. डॉक्टरांना विचारून आली आणि वाढवला. नवीन पेनं दिली. मी ऑफिसात जाऊन एक तिथल्या फ्रीजमध्ये ठेवलं. अडीअडचणीला असू दे.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते लिहितानाही तोंडाला चव नाही. चव नाही कसली, आहे! अजून आहे, तीच तर तक्रार.

कारखान्याच्या कँटीनची अचानक तपासणी होती. लवकर गाठायचं म्हणून घरी टोचलं नाही, ऑफिसातलं नवं पेन पर्समध्ये टाकलं आणि निघाले. कँटीनच्या मागच्या खोलीत टोचलं. उकळलं नाही. म्हणजे तिथे उकळतं पाणी होतं, पण त्या पातेल्याची कड बघितली आणि ठरवलं, त्यापेक्षा सीलबंद पेन परवडलं. त्या पाण्यात मी केरसुणीही बुडवली नसती. नंतर खाईन म्हणून पर्समध्ये डबा होता. तपासणी लांबली.

काय एकेक! फ्रीजच्या रबरात काळी बुरशी. कापायच्या फळीच्या भेगांमध्ये काय साचलंय त्याला नाव नाही. आचारी घामाने ओला, एप्रन मूळचा कुठल्या रंगाचा ते कळत नव्हतं, अंगठ्याचं नख काळं. मी त्याला म्हणत होते, 'हे नख दाखवा. दाखवा इकडे.' आणि एकाएकी माझे हात थरथरायला लागले. घाम फुटला. फ्रीज जवळ आल्यासारखा वाटला, मग लांब गेला.

त्यानंतरचं एवढंच आठवतं — मी जमिनीवर होते. त्या जमिनीवर! आणि तोंडात एक जाड, तेलकट बोट होतं. साखर चोळत होतं हिरड्यांना.

'गिळा, बाई, गिळा! आमच्या आईला असंच व्हायचं! गिळा!'

तेच नख. माझ्या तोंडात.

गिळलं. काय करणार! त्याने मूठभर साखर चारली असेल. मग कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे मोजली तेव्हा, एवढी साखर खाऊनसुद्धा, पंचावन्न. डॉक्टर म्हणाला, आणखी थोडा वेळ गेला असता तर जीव गेला असता. त्या नखाने वाचवलं मला.

घरी येऊन पाच वेळा चुळा भरल्या. साखर, तेल, घाम आणि कांदा. जातच नाही.

शेरा मात्र लिहिला: अस्वच्छ. जे आहे ते आहे. फक्त टाळं ठोकण्याऐवजी पंधरवड्याची मुदत दिली. नखाबद्दल लिहिलं नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

कालचं पेन घरी आणलं. त्या कँटीनच्या टेबलावर पडलं होतं ते! आज दोन वेळा पाणी बदलून उकळलं.

घाबरत घाबरत टोचलं. म्हटलं, पुन्हा पडतेय की काय. काही नाही. दुपारी मोजली तर तीनशे चाळीस!

हे म्हणाले, 'काल पंचावन्न, आज तीनशे चाळीस? हे यंत्र तरी प्यायलंय, नाहीतर तू.'

मला हसू आलं नाही. आतून भीती वाटते आहे. महिना संपत आला की तो चिमटेवाला बसलाच आहे.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सगळं सांगायचं ठरवून गेले. ते नखसुद्धा. लवंगबाई ऐकत होती, गालातली लवंग हळूहळू फिरवत. तीनशे, तीनशे, पंचावन्न, पुन्हा तीनशे. तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण या वेळी त्या माझ्यासाठी नव्हत्या.

'शुक्रवारी काय वेगळं केलंत?'

'काही नाही. उपाशी राहिले जरा.'

'त्याने एवढी उतरत नाही. तुमची तर नाहीच.' मग थांबली. 'असं करा. मला सांगू नका. दाखवा. घरी करता तसं. सगळं, पहिल्यापासून. काही सोडायचं नाही.'

तिने नवं पेन माझ्या हातात दिलं. मी इकडे तिकडे बघितलं.

'पाणी?'

'तहान लागली?'

'प्यायला नाही. उकळतं.'

'कशाला?'

'पेन बुडवायला.'

लवंगबाईचं चघळणं थांबलं.

'कशात बुडवायला?'

'उकळत्या पाण्यात. निर्जंतुक करायला. रोज करते, दोन्ही वेळेला. तुम्हीच म्हणालात ना, स्वच्छता पाळा!'

ती स्टुलावर बसली. बसली म्हणजे धपकन बसली. मग अगदी हळू म्हणाली, 'मॅडम, अंडं उकळत्या पाण्यात टाकलं की काय होतं?'

'शिजतं.'

'इन्शुलिनचंही तसंच. शिजलं की कामातून गेलं. तुम्ही रोज दोन वेळा नुसतं पाणी टोचून घेत होता. शुक्रवारी उकळलं नसणार, म्हणून पहिल्यांदा खरं औषध घेतलंत. आणि डोस — मी वाढवून ठेवलेला. मीच.'

तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. ओल्या हातांनीच.

मला किळस आली. माझीच. माझ्या त्या मगाची, त्या टापटिपीची, त्या रोजच्या वाफेची. नाकावर माशी बसू देत नाही म्हणून मिरवत होते आणि स्वच्छतेनेच अंगठा सडवत होते!

'चूक माझी,' ती म्हणाली. 'पहिल्या दिवशीच दाखवा म्हणायला हवं होतं. मी काय खाता, काय खाता एवढंच विचारत बसले. मी तुम्हाला खोटारडी समजत होते, मॅडम.'

'आणि मी तुम्हाला घाणेरडी समजत होते.'

'होते? आता नाही?'

'बघू.'

आणि आम्ही दोघी हसलो. ती जास्त, मी कमी. आजचं ड्रेसिंग होताना ती पुन्हा गुणगुणली. अर्धी ओळ. डोस एकदम खाली आणला, डॉक्टरांना भेटून. ड्रेसिंग झाल्यावर नेहमीसारखी गायब झाली, पण मला आज त्याचा राग आला नाही. पिऊ दे चहा.

१५ फेब्रुवारी, बुधवार

कालचं नवं पेन फ्रीजमधून काढलं, थोडं बाहेर ठेवलं, तसंच टोचलं. न धुता. जिवावर आलं. डोळे मिटून टोचलं.

दोनशे दहा!!

हे म्हणाले, 'पेनची आंघोळ बंद झाली म्हणजे बंब आता माझा.'

२१ फेब्रुवारी, मंगळवार

एकशे साठ. लवंगबाईंनी — आता बाईला 'त्या' म्हणायला हवं — आकडा माझ्यासमोर धरला, शाळेतल्या पोराची प्रगती दाखवावी तसा. मग म्हणाल्या, 'आज बघा.'

'काय?'

'पाय. तुमचा आहे. तुम्ही एकदाही बघितलेला नाही, माझ्या लक्षात आलंय. छताची जळमटं पाठ झाली असतील. आता घरी रोज तुम्हालाच बघायचंय, आरसा धरून, तळव्यापर्यंत. पुन्हा कुठे फोड आला तर कळणार कसं? दुखणार तर नाही.'

बघितलं.

लिहीत नाही. त्या पोस्टरवर तिसऱ्या ओळीत दुसरं चित्र आहे, तसं. माझ्या अंगावर. माझ्या पायाला. तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

'किळस आली?' लवंगबाईंनी विचारलं.

'आली.'

'येऊ दे. किळस आली म्हणून बघायचं सोडायचं नसतं.' आणि वाकल्या, कडेची लाली दाखवायला. 'हे बघा. गुलाबी. हे नवं मांस. हे पंधरवड्यापूर्वी नव्हतं.'

खरंच गुलाबी होतं. घाणीत एक नखभर गुलाबी.

मनात आलं, या बाईला खरंच काही वाटत नाही. देवाने यांना नाक दिलंच नाही. बरं झालं, म्हणून तर जमतं यांना. मला जन्मात जमलं नसतं.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

सर्जनने चिमट्याने टोकरलं. पुन्हा तो आवाज. पण या वेळी मी बघत होते.

'हं. राहतोय,' म्हणाला आणि पुढच्या रुग्णाच्या पायाकडे गेला.

राहतोय! एवढंच! मी लवंगबाईंकडे बघितलं तर त्या भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या. मग नेहमीसारख्या 'बसा हं' म्हणून निघून गेल्या.

माझ्या अंगठ्याचं नख मात्र जाणार म्हणे. जाऊ दे. नखांचा मला तसाही वीट आलाय.

कँटीनची फेरतपासणी होती आज संध्याकाळी. फ्रीजचं रबर नवं. फळी नवी. आचाऱ्याने दोन्ही हात पुढे केले, मी विचारायच्या आधीच. नखं कापलेली. 'आता कशी आहे तब्येत, बाई?' मी म्हटलं, 'एप्रन बदला.' दारापर्यंत गेले, परत वळले, म्हटलं, 'बरी आहे.'

७ मार्च, मंगळवार

लवंगबाईंसाठी टॉवेल नेला. पांढरा, जाड, चार वेळा धुतलेला. त्या सदान्‌कदा ओल्या हातांचं मला बघवेना. दवाखान्यातलं फडकं तर मी चिमट्यानेही धरणार नाही.

'माझ्यासाठी?' म्हणाल्या. नाकाला लावला. खूप वेळ लावून धरला. 'किती स्वच्छ वास आहे हो, ताई!'

मॅडमची ताई झाले, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

एक मात्र बोलायचं राहिलं. तेवढी लवंग सोडा म्हणणार होते. आता मैत्रीच झाली तर मैत्रिणीने सांगायला नको का, की तोंडात काही घालून रुग्णावर वाकणं बरं दिसत नाही? पुढच्या वेळी सांगेन. गोडीत.

१४ मार्च, मंगळवार

आज कडेची मेलेली कातडी कापली. खूप निघाली, वासही. काम झालं, 'बसा हं' म्हणून त्या गेल्या. लवंगेचं सांगायचंच म्हणून मी मागोमाग गेले. बोळाच्या टोकाला न्हाणीघराचं दार अर्धवट लोटलेलं. आत लवंगबाई. दोन्ही हातांनी बेसिनच्या कडा धरून ओकत होत्या. खांद्यावर माझा टॉवेल.

बादली घेऊन आया उभी होती. हळूच म्हणाली, 'रोजचंच आहे, ताई. पायाचं ड्रेसिंग झालं की होतंच. नोकरीला लागल्यापासून. वास सहन होत नाही त्यांना. म्हणून तर ती लवंग, म्हणून ते गुणगुणणं. तोंडबिंड धुऊन येतात मग. कुणाला बोलू नका हं, लाजतात त्या.'

मी परत येऊन पलंगावर बसले. त्या आल्या. हात ओले. डबी उघडली.

'हं, ताई, कुठे होतो आपण?'

मी हात पुढे केला. म्हटलं, 'एक मलाही द्या.'